बाई, मी जाऊ? (पहिली-दुसरीच्या मुलांना तास चालू असताना सोडावं की नाही)

सायलीचा_मांडव (धागाकर्ती)

लेक यंदा पहिलीत गेली. शाळा पुण्यातली, मराठी माध्यम, अनुदानित. नाव सांगत नाही, कारण शाळा एकंदरीत चांगली आहे. पण जूनपासून एक गोष्ट सारखी दिसतेय. पाण्याची बाटली सकाळी भरून देते ती तशीच्या तशी परत येते. आणि घरी आली की दप्तर पाठीवरच, बूट पायातच, आणि थेट बाथरूम.

आधी वाटलं खेळायच्या नादात पाणी प्यायचं राहून जातं. मग एकदा जेवताना सहज बोलून गेली, "पाणी प्यायलं की शू येते. मग बाई म्हणतात, सुट्टीत काय करत होतीस?"

म्हणजे पोरीने आपल्यापुरता तोडगा काढला. पाणीच प्यायचं नाही.

बाईंना जाऊन भेटले. अगदी साध्या, प्रेमळ बाई आहेत. त्यांचं म्हणणं, "वर्गात शेहेचाळीस मुलं. एकीला सोडलं की लगेच दहा करंगळ्या वर. मग मी शिकवायचं कधी?" वर्गात भिंतीवर एक तक्ताही आहे. आठवडाभर जो मध्ये उठला नाही त्याच्या नावापुढे चांदणी. आमच्या बाईसाहेबांच्या नावापुढे चांदण्यांची रांग लागलीय आणि तिला त्याचा भारी अभिमान आहे.

तुमच्याकडे काय पद्धत आहे? शिक्षकांनी जरूर लिहा. "शाळा बदला" हा सल्ला मात्र कृपया नको.

तिखटमीठ

चांदणी? कपाळ माझं. उद्या शिंक दाबून धरली म्हणून बक्षीस देतील.

कडक_चहा

मी उलट बाजूने लिहितो, शिव्या बसल्या तरी चालतील. वीस वर्षं शिकवतोय, आधी प्राथमिकला, आता माध्यमिकला. तास पस्तीस मिनिटांचा. त्यातली पाच मिनिटं वह्या काढण्यात, पाच हजेरीत. उरलेल्यात दर दोन मिनिटांनी "सर जाऊ?" आलं की वर्गाचं लक्ष उडतं ते परत आणता आणता घंटा होते. गणिताचं पान उघडलं की शू येते आणि चित्रकलेच्या तासाला एकालाही येत नाही, हे कसं काय? आणि घरी यांना कोण विचारतं? कार्टून चालू असलं की दोन दोन तास जागचे हलत नाहीत ना? मग शाळेत अर्धा तास थांबता येत नाही?

सवय नावाची गोष्ट असते. सुट्टीत जायचं म्हणजे सुट्टीत जायचं. आम्ही असेच वाढलो.

शेवटचा_बाक

सर, आम्हीही असेच वाढलो, आणि दुसरीत परिपाठाला "वदनी कवळ" चालू असताना उभ्या उभ्या झाली होती ती गोष्ट अजून माझ्या लग्नातल्या मित्रांना तोंडपाठ आहे.

बाकी गणित आणि चित्रकलेचं बोललात ते शंभर टक्के खरं. चौथीत आमची तिघांची टोळी होती. एकाने करंगळी दाखवायची, तो गेल्यावर दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. मागच्या भिंतीशी गोट्या. पण ते चौथीत हं. पहिलीत एवढी अक्कल नव्हती.

लिंबूटिंबू_डॉक्टर

बालरोगतज्ज्ञ आहे, त्यामुळे हा धागा बघून हात शिवशिवले. जरा लांबण लागेल.

कडक_चहा, तुमच्या "कार्टून चालू असलं की हलत नाहीत" यातच उत्तर आहे. लहान मूल कशात तरी गुंतलं की मूत्राशयाकडून येणाऱ्या पहिल्या दोनतीन सूचनांकडे लक्षच देत नाही. मोठ्या माणसाला चाहूल लागल्यापासून निकड येईपर्यंत बराच वेळ मिळतो. मूल जेव्हा बाईंसमोर येऊन उभं राहतं तेव्हा पाण्याने गळा गाठलेला असतो. घरी कार्टून संपवून धावत सुटतं आणि दारात थोडी सांडते, तेच शाळेत होतं. फरक एवढाच की घरी दार उघडं असतं.

मूत्राशयात मावतं किती याचा आमचा ढोबळ हिशोब आहे: वय अधिक दोन, गुणिले तीस. सहा वर्षांच्या मुलाला म्हणजे साधारण २४० मिली. एक पेला. दिवसातून पाचसात वेळा जाणं हे या वयात अगदी नेहमीचं.

एखाद्या वेळी धरून ठेवलं तर काही बिघडत नाही, घाबरू नका. पण रोज, महिनोन्महिने धरून ठेवायची सवय लागली की लघवी अडवून धरणारा स्नायू सैल पडायचंच विसरतो. मूल जातं, पण पूर्ण रिकामं होत नाही. उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. मुलींमध्ये मूत्रमार्ग आखूड, त्यामुळे त्यांना संसर्ग जास्त. पाणी न पिण्याने हे सगळं आणखी बिघडतं. सायली, तुमची लेक खेळता खेळता मध्येच उकिडवी बसून टाच खाली दाबून धरते का, हे पाहा. आया म्हणतात "ती नाचतेच सारखी". तो नाच नसतो, ती धरून ठेवायची युक्ती असते.

आता खरा मुद्दा, जो माझ्याकडे येणाऱ्या पालकांनाही नवा वाटतो. शी. पोटात अन्न पडलं की आतडी हलू लागतात, साधारण पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात. म्हणजे मूल डबा खातं मधल्या सुट्टीत आणि त्याला लागते घंटा झाल्यावर, पुढच्या तासाला. "सुट्टीत का नाही गेलास?" याचं उत्तर "तेव्हा आली नव्हती" हेच असतं आणि ते अगदी खरं असतं. बाईंना ते कारण वाटतं. मूल दाबून ठेवतं. शी आत राहिली की कोरडी, कडक होते. मग जाताना दुखतं, म्हणून पुन्हा दाबायचं. भरलेलं आतडं मूत्राशयावर रेलतं, म्हणून शूसुद्धा सारखी येते. काही मुलांची मग चड्डी खराब होते, कडक गोळ्याच्या कडेने पातळ पाझरतं. आईवडील जुलाब समजून बंद व्हायचं औषध देतात, म्हणजे आगीत तेल.

सायलीचा_मांडव

डॉक्टर, टाचेवर बसणं. हो. मला वाटायचं ती कुठला तरी खेळ खेळतेय.

रानजाई

लेकाला पहिलीत असताना बद्धकोष्ठाने सहा महिने औषध घ्यावं लागलं, डॉक्टरांनी अगदी हेच सांगितलं होतं. त्यात सकाळची शाळा. सात वाजता बस, साडेसहाला दूध ढकलायचं, सकाळचं पोट साफ व्हायला वेळ कुठला? चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं तेव्हा सगळीकडे झोपेची चर्चा झाली. आमच्या घरी सगळ्यात मोठा फरक झाला तो संडासाचा. आता लेक घरूनच मोकळा होऊन जातो आणि शाळेतली ती लढाईच संपली. ज्यांच्या शाळा अजून सातच्या आहेत (आणि आहेत, दोन पाळ्यांचं कारण सांगून) त्यांनी हे मुद्दाम मांडा.

कडक_चहा

डॉक्टर, डब्यानंतरचं मला खरंच माहीत नव्हतं, ते पटलं. पण माझा प्रश्न तसाच उभा आहे. सत्तेचाळीस मुलांसमोर उभा असताना खरा कोण आणि गोट्यांवाला कोण, हे मी कसं ओळखायचं?

लिंबूटिंबू_डॉक्टर

ओळखायचंच नाही. पहिली-दुसरीला तरी नाही. दहा गोट्यांवाले सुटले तर दहा गोट्या खेळून होतील. एक खरा अडवला तर त्याचं काय होतं ते शेवटचा_बाक यांनी लिहिलंय.

आणि एक राहिलं. जे मूल कधी उठत नव्हतं ते अचानक दर तासाला जाऊ लागलं, बाटल्या रिकाम्या करू लागलं, पेंगतं, गणवेश ढगळ दिसायला लागला, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, तर त्याला ओरडू नका, आईवडिलांना बोलवा. टाइप १ मधुमेहाची सुरुवात अशीच दिसते. त्याच दिवशी रक्तातली साखर तपासायला हवी, "पुढच्या आठवड्यात बघू" नाही. हे सगळ्यात आधी वर्गशिक्षकांच्या लक्षात येऊ शकतं, पण वर्गात उठायला बंदी असेल तर कसं येणार?

खडू_फळा_जिप

नमस्कार. मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर आहे. पट एक्केचाळीस, शिक्षक दोन, वर्ग चार. वाचता वाचता हसू आलं, कारण आमच्याकडे सोडावं की नाही हा वादच नाही. पोरगं पाटी खाली ठेवतं, "गुरुजी, लगवीला चाललो" म्हणतं आणि माझं "हां" येईस्तोवर पटांगणात पोचलेलं असतं. चार इयत्तांना एकाच वेळी शिकवणाऱ्या माणसाचं लक्ष उडायला काही शिल्लक नसतं.

वाद आहे तो जायचं कुठे. युनिट दोन आहेत, मुलांचं आणि मुलींचं. कागदावर दोन्ही चालू. शाळा सुटल्यावर गावातली रिकामी मंडळी तिथे बसतात म्हणून कुलूप लावावं लागतं, आणि किल्ली टेबलाच्या खणात. पहिलीतली पोरगी किल्ली मागत नाही. ती भिंतीमागे जाते, नाहीतर घरी पळते. घर जवळ असेल तर परत येते, लांब असेल तर त्या दिवसापुरती शाळा संपली.

मग ठरवलं की शाळा भरताना कुलूप काढायचं आणि सुटताना लावायचं. पुढची अडचण पाणी. टाकी आहे, मोटार आहे, वीजबिल थकलं की मोटार मुकी. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून आमच्या पटाच्या शाळेला वर्षाला पंचवीस हजार संयुक्त अनुदान, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. म्हणजे अडीच हजार. वर्षाला. फिनेल, ॲसिड, खराटा, साबण, बादली. बादल्यांना पाय फुटतात ते वेगळंच.

आणि धुणार कोण? प्राथमिक शाळेला शिपाई नाही. मी स्वतः धुतो, लाज नाही वाटत. पोरांकडून धुवून घ्यायचं नाही. "श्रमदान" म्हणून घ्यायचं ठरवलं की नेमकी कुठल्या आळीतली पोरं पुढे केली जातात, हे कुठल्याही गावात न बोलता सगळ्यांना ठाऊक असतं. आता लोकवर्गणीतून एका मावशींना आठवड्यातून दोनदा सांगितलंय.

शहरातल्या ताईंना एकच विचारतो. लेक बाटली का पीत नाही हे बाईंमुळे, की त्या संडासात एकदा जाऊन आल्यामुळे? एकदा स्वतः आत जाऊन बघा. तिच्या उंचीवर वाकून.

गाजरहलवा

गुरुजी __/\__

सायलीचा_मांडव

गुरुजी, काल पालकभेटीच्या निमित्ताने गेले होते, तुमचं वाचून मुद्दाम आत गेले. तळमजल्यावर तीन, पहिलीचा वर्ग मात्र दुसऱ्या मजल्यावर. घाण म्हणावी इतकं नाही, पण ओलं, अंधारं. एका दाराची कडी माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर. दुसऱ्याची खाली आहे, पण ती ओढायला मलाच जोर लावावा लागला. लेकीला रात्री हळूच विचारलं तर म्हणाली, "कडी लागली की निघत नाही, म्हणून मी लावतच नाही. मग मुली ढकलतात." म्हणजे ही बाईंच्या ओरड्यापेक्षा मोठी भानगड निघाली. आणि तिने आपणहून कधी सांगितलंही नसतं.

आकडेमोड

मधल्या सुट्टीचं गणित कुणी मांडत कसं नाही? मुलांमागे शौचालयं किती असावीत याचा स्वच्छ विद्यालय उपक्रमात (२०१४) धरलेला हिशोब असा की चाळीस मुलांमागे एक युनिट, म्हणजे एक शौचकूप आणि तीन मुताऱ्या. बहुतेक शाळा याच्या जवळपासही नाहीत, पण समजा आहे. आता मुली मुताऱ्या कितपत वापरतात? दार नसलेल्या ओट्यावर दुसरीतली मुलगी बसत नाही. म्हणजे चाळीस मुलींना एक दार. लहान मुलीला आत जाणं, पट्टा, चड्डी, पाणी, हात धुणं, दीड मिनिट धरा. चाळीस गुणिले दीड, झाला तास. सुट्टी पंधरा मिनिटांची, त्यात डबाही खायचाय.

नियम पाळूनसुद्धा "सुट्टीतच जा" हे जमत नाही. मुलींच्या बाबतीत तर नाहीच. ओळीत पुढे कोण, तर सातवीच्या.

निवृत्त_मोठ्याबाई

छत्तीस वर्षं नगरपालिकेच्या शाळेत पहिलीच घेतली. मुख्याध्यापिका होण्याची पाळी आली तरी पहिली सोडली नाही, म्हणून हे टोपणनाव.

मी दाराशी दोन खिळे ठोकले होते. एकावर लाल मण्यांची माळ, दुसऱ्यावर निळ्या. लाल मुलींची, निळी मुलांची. ज्याला लागेल त्याने उठायचं, माळ गळ्यात घालायची आणि जायचं. मला विचारायचं नाही, करंगळी दाखवायची नाही. आल्यावर माळ खिळ्याला. खिळा रिकामा दिसला की दुसऱ्याने थांबायचं. फारच निकड असेल तर माझ्याकडे यायचं, मी माळेशिवाय सोडणार.

पहिला आठवडा सगळी पोरं माळ घालून हिंडली. अगदी सगळी, ज्यांना नव्हती त्यांनाही हौस. मी काही बोलले नाही. दुसऱ्या आठवड्यात नवलाई संपली. पुढे वर्षभर वर्गाला पत्ताही लागायचा नाही कोण उठलं, कोण आलं. करंगळी वर करून "बाई, जाऊ?" असं मोठ्याने विचारलं की सत्तेचाळीस पोरांना ऐकू जातं आणि त्यांना आठवण होते. न विचारता एक उठला तर इतरांना काही वाटत नाही. लागण आवाजाने होते.

तिखटमीठ

मोठ्याबाई, कल्पना लाख मोलाची, पण ती माळ घालून संडासात? आणि तीच पुढच्याच्या गळ्यात? ईऽऽ

निवृत्त_मोठ्याबाई

अगं, माळ अडकवायला संडासाबाहेरही खिळा होता. आणि शनिवारी डेटॉलच्या पाण्यात बुडवायची. एवढं कळत होतं हो तेव्हाही.

काळजीवाहू_आई

मला हा सगळा सूर जरा पटत नाही. "न विचारता उठायचं आणि जायचं" वाचून अंगावर काटा आला. बदलापूरची ऑगस्ट २०२४ ची घटना विसरलो का आपण? चार वर्षांच्या मुली होत्या त्या. त्यानंतर आमच्या शाळेत पालकांनीच आग्रह धरला की पूर्वप्राथमिक ते दुसरीपर्यंतचं कुठलंही मूल मावशींशिवाय जाणार नाही. मावशी येईपर्यंत थांबावं लागतं, हे मान्य. माझी मुलगी दोनदा ओली होऊन घरी आली, तेही मान्य. कपड्याचा जोड दप्तरात देते. पण एकटी जाऊ देणार नाही.

खडू_फळा_जिप

ताई, भीती रास्त आहे, कोणी खोटी म्हणणार नाही. फक्त मावशी येईस्तोवर पोर ताटकळत असेल तर सांगायचं शाळेला की आणखी एक मावशी ठेवा. पोराला सांगायचं नाही की धरून ठेव.

काळजीवाहू_आई

सांगितलं हो. "फी वाढवावी लागेल" हे उत्तर आलं.

पाचवा_मजला

कॅमेरे बसवले की झालं, असा शाळांचा समज आहे. कॅमेरा दारापर्यंतच, पुढे नजर माणसाचीच लागते, आणि ती बाईमाणसाची लागते. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती २०२२ च्या शासन निर्णयानुसार प्रत्येक शाळेत असायला हवी. तुमच्या शाळेत कोण कोण आहे तिच्यात, विचारून बघा. मी विचारलं तेव्हा कार्यालयात दोघीजणी एकमेकींकडे बघत राहिल्या.

मँचेस्टरचा_पाऊस

इकडचं सांगते. थोरला रिसेप्शनमध्ये, म्हणजे चार-पाच वर्षांचा असताना संडास वर्गाला लागूनच होता, दार वर्गातच उघडायचं. मुलं वाटेल तेव्हा जायची, बाई बसल्या जागेवरून बघायच्या. विचारणं नाही, जिना नाही, एकटं जायची भीती नाही. काळजीवाहू_आई यांची आणि मोठ्याबाईंची अडचण एकाच भिंतीने सुटली.

पण इंग्लंडला लगेच डोक्यावर घेऊ नका. माध्यमिकला गेलं की तासाला संडासांना कुलूप लावणाऱ्या शाळा इथेही आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यावरून कितीतरी शाळांतली मुलं वर्ग सोडून मैदानात उतरली होती. शाळांचं म्हणणं, मुलं आत व्हेप (ई-सिगारेट) ओढतात, तोडफोड करतात. तेही खोटं नाही. गोट्यांची पुढची इयत्ता समजा.

शेवटचा_बाक

आमच्या गोट्यांची बदनामी थांबवा.

कलम_वाचक

कायद्याचं कोणी विचारलं नाही, तरी. शिक्षण हक्क कायदा २००९, परिशिष्टात मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं आणि पिण्याचं सुरक्षित पाणी या शाळेच्या किमान अटी आहेत. तासाला सोडावं की नाही, याबद्दल कायद्यात थेट अक्षर नाही. पण कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. ओली झालेली चड्डी घालून वर्गासमोर उभं केलं, तर ते कशात बसतं हे सांगायला वकील लागत नाही. तीच पटसंख्येची गत: पहिली ते पाचवीला साधारण तीस मुलांमागे, आणि दोनशेच्या वर मुलं असली तरी फार तर चाळीस मुलांमागे एक शिक्षक हवा. शेहेचाळीस मुलांचा वर्ग एकट्या बाईंवर सोडून त्यांनाच "मुलांना सोडा" म्हणणं हा बाईंवर अन्याय आहे.

अनुदानित शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. बैठकीला कोणी जात नाही म्हणून ती फोटोपुरती उरते. कडीचा आणि दिव्याचा विषय तिथे लेखी द्या, इतिवृत्तात येऊ द्या.

सुईदोरा

मी गणवेश शिवते, माझं क्षेत्र म्हणून सांगते. पहिलीच्या पोराच्या चड्डीला हूक, वर साखळी, वर पट्टा. मुलींना पिनाफोर, वर पट्टा, आत शर्ट खोचलेला, थंडीत खाली लेगिंग. हे सगळं सहा वर्षांच्या बोटांनी निकडीच्या वेळी कसं सुटावं? निम्मी पोरं संडासापर्यंत वेळेत पोचतात, ओली होतात ती पट्ट्याशी झगडताना. शाळेकडे अर्ज करून दुसरीपर्यंत इलॅस्टिक मागून घ्या. बाहेरून पट्टी तशीच दिसते, मागे इलॅस्टिक, कुणाला ओळखूही येत नाही. एका शाळेसाठी मी तसेच शिवते आणि खर्च उलट कमी येतो.

रानजाई

सुईदोरा, हे सोनं आहे. पट्ट्याचं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

कडक_चहा

आकडेमोड यांचा हिशोब आमच्या शाळेला लावून पाहिला. मुलींसाठी पाच दारं, मुली दोनशे सत्तर. पुढचं लिहीत नाही.

माळेची युक्ती आमच्या प्राथमिकच्या सहकाऱ्यांना सांगितली. दोघी तयार झाल्या, एक म्हणाली "मुख्याध्यापकांनी पाहिलं तर?" पाचवीपासून मात्र विचारूनच जायचं, इथे मी हटणार नाही. अकरा वर्षांच्या मुलाला वेळेचा अंदाज यायला हवा. आजारी असेल त्याने चिठ्ठी आणावी, त्याला कधीच अडवत नाही.

लिंबूटिंबू_डॉक्टर

विचारून जा, इथपर्यंत माझी ना नाही. "नाही" हे उत्तर देऊ नका एवढंच. आणि पाचवी-सहावीच्या मुलींकडून चिठ्ठी, कारण काही मागू नका. काही जणींची पाळी हल्ली त्या वयात सुरू होते आणि पहिल्यांदा येते ती कधीकधी वर्गात, पुरुष शिक्षकासमोर. ती काय सांगणार?

कडक_चहा

बरोबर. मुलींना विचारत नाही.

चिंचगुळी

केरळमधल्या शाळांनी २०१९ मध्ये दिवसातून ठरावीक वेळी पाण्याची घंटा वाजवायला सुरुवात केली, सगळ्यांनी तेव्हा बाटली काढून पाणी प्यायचं. ती टूम मग इतर राज्यांतही गेली. आमच्याकडेही घंटा वाजली, फोटो निघाले, गटावर आले. त्या घंटेनंतर अर्ध्या तासाने काय होणार याचा विचार मात्र वेळापत्रकात कुणी केला नव्हता. भाचा म्हणाला, "मावशी, आम्ही फक्त बाटली तोंडाला लावतो."

सायलीचा_मांडव

सगळ्यांचे आभार, एवढी भर पडेल असं वाटलं नव्हतं. काय झालं ते लिहिते.

बाईंना पुन्हा भेटले, यावेळी तक्रार न करता. डब्यानंतरचं सांगितलं, माळेचं सांगितलं. चांदणीचा तक्ता काढा असं म्हणणार होते, तर त्याच म्हणाल्या, "तो मी बीएडच्या वेळी शिकलेल्या कुठल्याशा युक्तीवरून केला होता, काढते." त्या जागी आता डबा संपवल्याच्या चांदण्या आहेत. (हेही डॉक्टरांना आवडणार नाही बहुतेक, पण एका वेळी एकच.) माळ सुरू झाली. सध्या नवलाईचा आठवडा चालू आहे आणि बाई कसनुसं हसून सहन करतायत.

मुख्याध्यापकांकडे कमी दाद लागली. पहिलीचा वर्ग तळमजल्यावर आणता येईल का विचारलं, तर तिथे संगणककक्ष आहे, आणि संगणक जिन्यावरून हलवणं जोखमीचं आहे म्हणे. मुलं हलवणं नाही. मावशी तीन मजल्यांना मिळून एक, तिचंही वय झालेलं. समितीत लेखी दिलंय. दिवा मात्र दुसऱ्याच दिवशी बसला. कड्यांचं "बघतो" म्हणाले, आणि आम्ही चार पालकांनी मिळून खर्च देतो म्हटल्यावर "बसवून घ्या" म्हणाले.

तर आता प्रश्न सुताराला काय सांगायचं. कडी किती उंचीवर आणि कुठली घेऊ? अडकली तर बाहेरून उघडता यायला हवी, पण मोठ्या मुलींनी गंमत म्हणून बाहेरून कोंडूही नये. गुरुजी, तुमच्याकडे काय आहे?

खडू_फळा_जिप

साधी फिरती पट्टी लावा ताई, लाकडी. मध्ये एक स्क्रू, आडवी केली की बंद, उभी केली की उघडी. ओढावी लागत नाही, गंजून बसत नाही. अडीच फुटांवर बसवा, पहिलीच्या पोरीच्या छातीशी येते. फटीतून दुसरी एक पातळ पट्टी घालून ती बाहेरून उचलता येते, ती पातळ पट्टी बाईंच्या खणात ठेवा.

आणि वरच्या जुन्या कड्या आतूनबाहेरून दोन्ही काढून टाकायला सांगा त्याच वेळी. बाहेरची राहिली की मोठ्या पोरी लावणारच.

सायलीचा_मांडव

बाहेरची आहे खरी एका दाराला. सांगते सुताराला. शनिवारी येतोय.